त्याचं दुखणं मला येऊ दे : मनोरुग्णाला जपता जपता घराचं दार बंद होतं तेव्हा

फलटण : गावात असं एखादं घर असतंच. दिवसासुद्धा दार अर्धं लोटलेलं. आतल्या खोलीत पंचविशी-तिशीतला मुलगा आणि सतत त्याच्या मागंपुढं त्याची आई. मुलगा आधी चांगला होता. कॉलेजला जायचा, पोरांत क्रिकेट खेळायचा. मग एकटाच बोलायला लागला, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय म्हणायला लागला. एकदा रात्री घर सोडून गेला तो दोन दिवसांनी सापडला. तेव्हापासून आईनं त्याला नजरेआड केलेलं नाही. जेवायला तीच वाढते, घासही तीच भरवते, अंघोळ तीच घालते. कुणी आलं तर "झोपलाय" म्हणून सांगते. स्वतःच्या भावाच्या घरच्या लग्नालाही ती गेली नाही. गाव म्हणतं, "काय माऊली आहे!"

माऊली आहे यात शंका नाही. पण एवढं जपून त्या मुलाचं काय होतंय, आणि त्या माऊलीचं काय होतंय, हे सहसा कुणी विचारत नाही.

फलटणला येणाऱ्या बाया

या विषयाचा फलटणशी जुना संबंध आहे. फलटण हे महानुभाव पंथाचं मोठं ठिकाण. चक्रधर स्वामींच्या या पंथाच्या इथल्या मंदिरांत लांबलांबून माणसं येतात, आणि त्यात 'बाहेरची बाधा' झाली म्हणून आणलेल्या माणसांचं प्रमाण मोठं. कुणी महिना-महिना मुक्काम करतं. आरतीच्या वेळी घुमणाऱ्या बाया इथल्या लोकांना नवीन नाहीत.

व्हिएडा स्कल्टन्स नावाच्या ब्रिटनमधल्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी इथल्या महानुभाव मंदिरात राहून अभ्यास केला. त्यावरचा त्यांचा लेख १९८७ साली 'मॅन' या नियतकालिकात छापून आला. भूत असतं की नसतं या वादात त्या पडल्या नाहीत. आजारी माणसाबरोबर कोण आलंय आणि काय करतंय, एवढंच त्यांनी नीट पाहिलं.

त्यांना दिसलं ते असं. आजारी माणसासोबत राहणारं माणूस बहुतेक वेळा बाई असते. कुणाची आई, कुणाची बायको. वेडाचा त्रास एकट्या माणसाला नाही तर सगळ्या घराला लागलाय, असं घरचे मानतात. आणि घुमणारी बाई दर वेळी आजारी असतेच असं नाही. कित्येकदा ती आजाऱ्याला सांभाळणारीच असते. मुलाचं किंवा नवऱ्याचं दुखणं त्याच्या अंगावरून आपल्या अंगावर यावं, असं मागणं ती देवाकडं मागते. तिचं घुमणं हा घरासाठी केलेला एक प्रकारचा त्याग असतो.

वाचताना अंगावर काटा येतो, पण आपल्याला हे अनोळखी नाही. पोराला ताप आला तरी आई हेच म्हणते. फरक एवढाच की ताप तीन दिवसांत उतरतो. हे दुखणं वीस वर्षं राहू शकतं. वीस वर्षं "मला येऊ दे" म्हणत जगलं, की ते खरोखरच येतं. भुतानं नव्हे; जागरणानं, एकटेपणानं आणि काळजीनं.

दार का बंद होतं

कुणी हौसेनं माणूस कोंडत नाही. पहिलं कारण भीती. मुलगा उठून चालायला लागला तर वाटेत कालवा आहे, विहीर आहे, हायवे आहे. एकदा हरवून सापडलेल्या माणसाच्या घरी ही भीती कायमची मुक्कामाला येते. दुसरं कारण गावातली पोरं. मागं लागतात, नावं ठेवतात, आणि हल्ली तर व्हिडिओ काढतात. तिसरं, धाकट्या बहिणीचं लग्न. "त्या घरात वेड आहे" एवढं एक वाक्य सोयरिकीच्या बैठकीत पुरतं.

या सगळ्यापासून मुलाला वाचवायचं म्हणून दार लोटलं जातं. आधी चार दिवस, मग सणापुरतं, मग सवयीनं.

मुलगी किंवा सून आजारी असली तर चित्र बदलतं. आजारी मुलाचं "लग्न केलं की सुधारेल" म्हणून लग्न लावून देतात आणि त्याला सांभाळायचं काम नव्या नवरीच्या गळ्यात पडतं. आजारी सुनेला मात्र माहेरी आणून सोडतात. मग तिला सांभाळायला तिची म्हातारी आईच उरते. दोन्हीकडं शेवटी एका बाईवरच येऊन पडतं, हे सांगायला संशोधनाची गरज नाही.

आजार काय आहे, हट्ट काय आहे

कानात आवाज येणं, कुणीतरी विष घालतंय असं वाटणं, असंबद्ध बोलणं, ही ज्या आजाराची मुख्य लक्षणं त्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात. मराठीत छिन्नमनस्कता असाही शब्द आहे, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो दिसणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात सुमारे ३०० माणसांमागं एकाला हा आजार असतो. म्हणजे तीन हजार वस्तीच्या गावात आठ-दहाजण असू शकतात. गावाला त्यातले दोन-तीनच माहीत असतात. बाकीचे कुठं आहेत याचा विचार केला की लोटलेली दारं आठवतात.

आवाज येणं, संशय घेणं हे सगळ्यांना दिसतं. पण या आजाराची दुसरी बाजू गप्प असते. माणूस अंघोळ करत नाही, बोलत नाही, तासन्‌तास एका जागी बसून राहतो, कशातच मन लागत नाही. घरच्यांना तो आळस वाटतो, नाहीतर "त्याला काही जमत नाही" असं वाटतं. दोन्ही चूक. ते आजाराचंच लक्षण आहे, आणि कोंडून ठेवल्यानं नेमकं हेच लक्षण वाढतं. ज्याला कुणाशी बोलायचंच नाही, त्याची बोलायची सवय मोडते. ज्याच्या शर्टाची बटणं रोज आई लावते, त्याचा हात पाच वर्षांत बटण लावायचं विसरतो. मग आई म्हणते, "बघा, त्याला काहीच येत नाही, मला सोडून कसं चालेल?" आणि हे चक्र फिरत राहतं.

इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दवाखान्यातून घरी सोडलेल्या रुग्णांची पाहणी केली, तेव्हा त्यांना एक उलटीच गोष्ट दिसली. आईवडिलांकडं किंवा बायकोकडं परतलेल्यांचा आजार, भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा उलटत होता. पुढच्या वर्षांत कारणं शोधली गेली. घरात सतत टोचून बोलणं आणि राग हे एक, आणि प्रमाणाबाहेर जपणं, सगळं स्वतःच्या अंगावर घेणं, क्षणभरही न सोडणं हे दुसरं. अशा घरात रुग्ण आणि सांभाळणारा आठवड्यात ३५ तासांहून जास्त वेळ समोरासमोर असतील तर धोका आणखी वाढतो, असं १९७६ च्या एका अभ्यासात दिसलं. आपल्याकडच्या आईचे आठवड्याचे तास मोजले तर शंभराच्या पुढं जातील.

पण लंडनचा कपडा फलटणच्या अंगाला जसाच्या तसा बसत नाही. तसाच अभ्यास पुढं चंडीगडला झाला, डॉ. एन. एन. विग त्यात होते. तिथल्या घरांत असं टोकाचं वागणं लंडनपेक्षा बरंच कमी आढळलं, आणि आजार उलटण्याशी जास्त संबंध दिसला तो रागानं, तिरस्कारानं वागण्याशी. आपल्याकडं घरात माणसं जास्त असतात, ओझं वाटलं जातं, जपणं हे कुणाला विचित्र वाटत नाही. हा आपला फायदा आहे. पण तो भरल्या घराचा फायदा आहे. चार भिंतींत एक आई आणि एक मुलगा एवढंच उरलं, भाऊ पुण्याला, बाप वारलेला, तर तो फायदा राहत नाही.

चहातली गोळी

औषधाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथंच प्रेमापोटी मोठी गडबड होते. रुग्ण म्हणतो, "मी आजारी नाही." या आजारात ते होतंच. मग आई गोळी कुटून चहात, डाळीत, भाकरीत घालते. काही दिवस बरं चालतं. एक दिवस चव लागते, नाहीतर पुडी सापडते. ज्याला आधीच "मला विष घालतायत" असं वाटतंय, त्याला पुरावाच मिळतो. तो घरचं जेवण सोडतो आणि जिच्यावर विश्वास होता ती एकमेव व्यक्तीही जाते.

यावर उपाय आहेत. महिन्यातून एकदा किंवा पंधरवड्यानं घ्यायची इंजेक्शनं मिळतात, रोज गोळीची कटकट राहत नाही. ती सगळ्यांना चालतातच असं नाही, डॉक्टर ठरवतात. लपवून गोळी देत असाल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, लाजू नये. हात थरथरणं, जीभ जड होणं, झोप, वजन वाढणं असे त्रास झाले तर मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. घरच्या घरी बंद करू नये. बरं वाटायला लागलं म्हणून गोळी सोडणं हे आजार उलटण्याचं मोठं कारण आहे. "या गोळ्यांची सवय लागते" हा समज दारूवरून आलेला आहे. स्किझोफ्रेनियाच्या मुख्य औषधांचं व्यसन लागत नाही.

देवाला जायला हरकत नाही. मंदिरात माणसाला मान मिळतो, चारचौघांत बसायला मिळतं, आणि सांभाळणाऱ्या बाईला तिच्यासारख्याच दुसऱ्या बाया भेटतात. घरी एवढंही मिळत नाही. पण तिथं मुक्काम करतानाही गोळीचा डबा पिशवीत असलाच पाहिजे. मारहाण, उपाशी ठेवणं, धुरी देणं असले प्रकार कुणी सांगत असेल तर तिथून निघावं.

साखळीबद्दल कायदा

६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूत एरवाडी इथं, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. आतल्या मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. पळता आलं नाही. २८ जण जळून गेले. त्यातल्या बहुतेकांना त्यांच्या घरच्यांनीच बरं व्हावं म्हणून तिथं आणून ठेवलं होतं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आला आणि मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९५ नुसार मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला मनाई आहे. समाजात राहण्याचा हक्क त्याला आहे. कलम १०१ नुसार, अशा माणसाचा घरात छळ होतोय किंवा त्याची हेळसांड होतेय असं ठाणे अंमलदाराला वाटलं तर त्यानं दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. दंडाधिकारी त्या माणसाला समोर आणायला सांगू शकतात आणि उपचारांची व्यवस्था करू शकतात.

हे वाचून कुणी लगेच शेजारच्या आईवर पोलीस घालू नयेत. जीवाला धोका असेल, माणूस बांधलेला असेल, उपाशी असेल तर जरूर कळवावं. पण बहुतेक घरांत पोलिसांच्या आधी आशाताईंनी जावं हे जास्त शहाणपणाचं. एका गोष्टीत मात्र मध्यममार्ग नाही. खिडकीतून व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नये. त्या व्हिडिओनं मदत येत नाही, दार आणखी घट्ट लागतं.

साताऱ्यात केलेला प्रयोग

दार बाहेरून कसं उघडायचं याचा एक मोठा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात झालेला आहे, आणि तो आपल्यालाच फारसा माहीत नाही. २००९-१० मध्ये सातारा, गोवा आणि तमिळनाडूतला कांचीपुरम भाग, अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांना घेऊन तो झाला. साताऱ्यात डॉ. हमीद दाभोलकर आणि परिवर्तन संस्थेचा त्यात सहभाग होता. काही रुग्णांना नेहमीसारखे दवाखान्यातले उपचार दिले. बाकीच्यांना उपचार दिलेच, पण शिवाय प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते त्यांच्या घरी जात. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. ते औषधाची विचारपूस करत, घरच्यांना आजार समजावून सांगत, रुग्णाला रोजची कामं पुन्हा शिकवत, त्याला बाहेर घेऊन जात.

निकाल २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. चमत्कार झाला नाही. पण घरी माणूस जात होता त्या रुग्णांचं परावलंबन थोडं जास्त कमी झालं. सगळ्या ठिकाणी सारखा फायदा दिसला नाही, कांचीपुरमला जास्त दिसला. म्हणजे आठवड्या-पंधरवड्यानं घरात येणारं, न घाबरणारं एक बाहेरचं माणूसही कामाचं असतं. हे काम भाचा करू शकतो, मित्र करू शकतो, बचत गटातली बाई करू शकते.

पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची सुरुवातही घरातूनच झाली. मूळचे धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांनी तो लपवला नाही. १९९७ साली पुण्यात संस्था काढली, आणि पुढं 'देवराई' हा सिनेमा काढायला पुढाकार घेतला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी केलेल्या या सिनेमात अतुल कुलकर्णी आजारी भाऊ आहे आणि सोनाली कुलकर्णी त्याची बहीण. बघायला मिळाला तर घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावा.

दार हळूहळू उघडायचं

एकदम "त्याला मोकळा सोडा" म्हणून चालत नाही. आईची भीती खरी असते. सुरुवात एका कामानं करावी, आणि काम खरं असावं. शेळीला पाला टाकणं, अंगणात पाणी मारणं, दुधाची किटली डेअरीत नेणं. आधी कुणीतरी सोबत, मग लांबून नजर, मग एकट्यानं. शर्टाची बटणं त्यानंच लावायची, अर्धा तास लागला तरी चालेल. कुणी त्याला काही विचारलं तर उत्तर त्यानंच द्यायचं. आईला हे सगळ्यात जड जातं, कारण दहा वर्षं तीच त्याचं तोंड झालेली असते.

आणि आठवड्यातून एक दुपार आईची. त्या दुपारी घरात दुसरं माणूस बसेल आणि आई बाजारला जाईल, भजनाला जाईल, नाहीतर नुसती झोपेल. तिची बीपीची गोळी, तिचा चष्मा, तिची दाढ, सगळं राहून गेलेलं असतं. पुण्या-मुंबईच्या भावांनी महिन्याला पैसे पाठवून सुटका करून घेऊ नये. वर्षातले पंधरा दिवस येऊन स्वतः सांभाळावं. पैशापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

"माझ्यामागं याचं कोण?" हा प्रश्न प्रत्येक अशा आईच्या पोटात असतो. त्याचं पूर्ण उत्तर कुणाकडं नाही. पण ज्याला स्वतःचं जेवण वाढून घेता येतं, गोळी घेता येते, चार माणसं ओळखतात, त्याला मागं कुणीतरी सांभाळून घेतं. ज्याला फक्त आईच ओळखते त्याचं अवघड होतं.

कागदपत्रांचंही आताच बघावं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. तपासणीत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व निघालं तर प्रमाणपत्रावर योजनांचा लाभ मिळू शकतो. अर्ज यूडीआयडी पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. आजारी माणूस बरा असताना स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी लेखी ठरवू शकतो, म्हणजे आजार वाढला तर उपचाराचे निर्णय घ्यायला कोण मदत करेल ते आधीच ठरतं. ते नाव आईचंच असलं पाहिजे असं नाही. धाकटा भाऊ, चुलत बहीणही चालते.

उपचारासाठी आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचारावं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सोय साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात आहे. फलटणपासून अंतर साठेक किलोमीटर. रुग्ण यायला तयार नसेल तर पहिल्यांदा घरच्यांनी एकट्यानं जाऊन डॉक्टरांना भेटलं तरी चालतं. जाताना तो काय बोलतो, कधी झोपतो, किती खातो, हे आठ दिवस वहीत लिहून न्यावं.

तेवढंही जमत नसेल तर टेली मानस ही सरकारची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. फोन आजारी माणसानंच करायला हवा असं नाही. "माझा मुलगा" म्हणून सुरुवात केली तरी समोरचे ऐकतात, आणि "मला झोप लागत नाही, मला रडू येतं" एवढंच सांगायला सांभाळणाऱ्या बाईनं केला, तरीही तो फोन तिच्यासाठीच आहे.